उन्हामागे पूर, पुरामागे ऊन : मधली उसंत का आटते आहे?

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यात रायगड जिल्ह्यातील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी आलेला प्रचंड जनसमुदाय उघड्या मैदानात काही तास भर उन्हात बसला होता आणि त्यांपैकी १४ जणांचा, शासनाने दिलेल्या आकड्यानुसार, उष्माघाताने मृत्यू झाला. तीन महिने उलटले आणि १९ जुलैच्या रात्री त्याच जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती, तीन दिवसांच्या धुवांधार पावसानंतर, दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्यापुढचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि दिवाळीच्या आधी राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

एकाच वर्षात, एकाच राज्यात ऊन, अतिवृष्टी आणि दुष्काळ. असे वर्ष गेले की लोकांचा गोंधळ होतो आणि तो स्वाभाविक आहे. जग तापत असेल तर इतका पाऊस कुठून येतो, आणि इतका पाऊस पडत असेल तर पाण्याची टंचाई कशी होते, हे प्रश्न मला अगदी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकायला मिळतात. वातावरणातील वाढती उष्णता या दोन्ही टोकांना एकाच वेळी कशी जोर देते, आणि खरा धोका या दोन आपत्तींच्या मधल्या कमी होत जाणाऱ्या काळात कसा आहे, ते या लेखात पाहू.

तापलेली हवा आणि तिच्यातील बाष्प

सुरुवात भौतिकशास्त्राच्या एका जुन्या नियमापासून करावी लागेल. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प सामावून घेऊ शकते. हा नियम एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे आणि त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळाशी तुलना करता पृथ्वीचे सरासरी तापमान आज सव्वा अंशाहून अधिक वाढलेले आहे, आणि २०२४ हे ती वाढ दीड अंशाच्या वर गेलेले पहिले वर्ष ठरले.

आता दुसरी गोष्ट, जी सहसा सांगितली जात नाही. हवेची बाष्प धरण्याची क्षमता अंशामागे ७ टक्क्यांनी वाढते, पण जगभरात वर्षाकाठी पडणारा एकूण पाऊस मात्र अंशामागे एक ते तीन टक्क्यांनीच वाढतो, कारण पाऊस पडण्यासाठी वातावरणाने आधी उष्णता बाहेर टाकावी लागते आणि ती टाकण्याचा वेग मर्यादित आहे. बारीक धारेच्या नळाखाली तांब्याऐवजी घागर ठेवली तर ती भरायला अधिक वेळ लागतो, आणि कलंडली की एकदम जास्त पाणी सांडते. वातावरणाचे तसेच होते आहे. दोन पावसांमधला खंड लांबतो, आणि पाऊस येतो तेव्हा तो कोसळतो. वर्षाची सरासरी पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण महिनाभर कोरडा आणि दोन दिवसांत सगळे, असा पाऊस झाला तरी बेरीज तीच येते.

भारतात हे घडताना मोजले गेले आहे. पुण्याच्या पाषाण भागात असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य भारतात मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या, तर मध्यम पावसाचे दिवस कमी झाले, त्यामुळे एकूण पाऊस फारसा बदललेला दिसला नाही. २०१७ मध्ये त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळाचा अभ्यास केला आणि मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्याचे त्यांना आढळले. या पावसाला लागणारे बाष्प मोठ्या प्रमाणात अरबी समुद्रातून येते. हिंदी महासागराचा उष्ण कटिबंधातील पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सरासरी सुमारे एक अंशाने तापला आहे, आणि अरबी समुद्र त्याचाच भाग आहे. समुद्र तापतो, बाष्प वाढते आणि मोसमी वाऱ्यांना अधूनमधून येणाऱ्या जोरदार उसळीबरोबर ते थेट जमिनीवर येऊन रिते होते.

कोरडी जमीन अधिक का तापते?

पावसाने ताण दिला की जमिनीचे काय होते, हे मराठवाड्यातील आणि विदर्भातील शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही, पण त्यामागची प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. जमिनीत ओल असते तोवर सूर्याच्या उष्णतेचा मोठा वाटा त्या ओलीचे बाष्प करण्यात खर्च होतो आणि हवा त्या मानाने कमी तापते. ओल संपली की तीच उष्णता थेट माती आणि हवा तापवू लागते. म्हणून पावसाचा खंड लांबला की उष्णतेची लाट तीव्र होते आणि लाट तीव्र झाली की उरलीसुरली ओलही उडते. म्हणजे दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

काळ्या मातीत हे डोळ्यांना दिसते. मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. वळवाची किंवा मृगाची पहिली सर या भेगांतून सरळ खाली उतरते. पण काळ्या मातीतील चिकणकण पाणी मिळताच फुगतात, भेगा मिटतात, आणि त्यानंतर पाणी मुरण्याचा वेग इतका कमी होतो की तासाभरात पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस आला तर त्याचा बहुतेक भाग वरची सुपीक माती घेऊन ओढ्याकडे पळतो. हाच पाऊस आठ दिवसांत रिमझिम पडला असता तर मुरला असता, विहिरींना पाझर फुटला असता आणि वाफशावर पेरणी झाली असती. ‘अमुक तालुक्यात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला’ अशा बातमीवरून त्या तालुक्यातील विहिरींबद्दल काहीही कळत नाही, ते यामुळेच.

सिंध, २०२२ : एकाच शेताला तीन फटके

एकाच ठिकाणी टोकाचे ऊन आणि टोकाचा पूर लागोपाठ आले म्हणजे काय होते, याचे आपल्या उपखंडातील सर्वांत स्पष्ट उदाहरण पाकिस्तानच्या सिंध प्रांताचे आहे. २०२२ साली मार्चमध्येच भारत आणि पाकिस्तानात उष्णतेची लाट सुरू झाली. भारतात तो १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. गव्हाच्या ओंबीत दाणा भरण्याचा तो काळ असल्याने दाणा बारीक राहिला, उत्पादनाचा अंदाज खाली आला आणि १३ मे रोजी भारताने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच सुमारास सिंधमधील जेकबाबाद येथे तापमान ५१ अंशांपर्यंत पोहोचले. उत्तरेकडे, हुंझा खोऱ्यात, शिश्पर हिमनदीने अडवलेले सरोवर फुटून काराकोरम महामार्गावरील हसनाबादचा पूल वाहून गेला.

उन्हाळा सरतो न सरतो तोच पाऊस आला. त्या वर्षी प्रशांत महासागरात ला निना होता, म्हणजे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड होते, आणि त्यामुळे मोसमी पावसाला एरवीही बळ मिळतेच. शिवाय बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे नेहमीपेक्षा पश्चिमेकडे, थेट सिंधपर्यंत गेले. तापलेल्या भूप्रदेशावर तयार होणारा कमी दाबही समुद्रावरील बाष्प आत ओढायला मदत करतो. ऑगस्टमध्ये सिंध आणि बलुचिस्तान या दोन प्रांतांत त्या महिन्याच्या नेहमीच्या पावसाच्या सात ते आठ पट पाऊस झाला. सिंधमधील पडिदन या गावी एका महिन्यात १,२२८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आपल्या पुणे शहराच्या वर्षाच्या सरासरीपेक्षा हा पाऊस कितीतरी जास्त आहे, आणि तो एरवी वाळवंटासारख्या कोरड्या असणाऱ्या सपाट प्रदेशात झाला, जिथून पाण्याला उतरायला वाटच नसते. सव्वातीन कोटींहून अधिक लोकांना पुराचा फटका बसला, १,७०० हून अधिक माणसे मेली. मंछर सरोवर मोठ्या शहरांवर फुटू नये म्हणून अधिकाऱ्यांनी त्याचा बांध स्वतःहून फोडला आणि त्यासाठी काही गावे पाण्यात गेली.

सिंधमधील शेतकऱ्याच्या बाजूने हे वर्ष पाहावे. मार्चमध्ये उन्हाने गव्हाचे वजन घटवले. ऑगस्टमध्ये उभा कापूस पाण्याखाली गेला. आणि पाणी महिनोन् महिने ओसरले नाही म्हणून अनेक ठिकाणी पुढच्या गव्हाची पेरणी वेळेवर झाली नाही, साचलेल्या पाण्यावर डास वाढले आणि मलेरियाची मोठी साथ आली. एरवी शेतकरी एका हंगामाचे नुकसान दुसऱ्यावर भरून काढतो. त्यासाठी गाठीला थोडे पैसे, घरात थोडे धान्य, दावणीला एखादे जनावर आणि मधले काही महिने एवढे लागते. २०२२ मध्ये त्याला ते महिनेच मिळाले नाहीत.

शास्त्रज्ञ अशा प्रकाराला संयुक्त आपत्ती म्हणतात. दोन किंवा अधिक टोकाच्या घटना एकाच वेळी किंवा एकापाठोपाठ अशा येतात की त्यांचा एकत्रित फटका दोहोंच्या बेरजेपेक्षा मोठा ठरतो, असा त्याचा अर्थ. ही संकल्पना शास्त्रीय वाटली तरी तिचा गाभा आपल्या रोजच्या भाषेत एका शब्दात सांगता येतो : उसंत. माणसाला, मातीला, धरणाला आणि सरकारी तिजोरीला सावरायला लागणारी उसंत आटते आहे.

पुरानंतरचे ऊन अधिक घातक का असते?

आधी ऊन आणि मग पूर हा क्रम आपल्या परिचयाचा आहे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यानंतर पावसाळा येतो. उलटा क्रम आपण फारसा लक्षात घेत नाही. जपानमध्ये २०१८ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिरोशिमा, ओकायामा आणि एहिमे या प्रांतांत अतिवृष्टीने पूर आणि भूस्खलन होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली. लोक चिखल उपसत असतानाच उष्णतेची लाट आली आणि २३ जुलैला टोकियोजवळील कुमागाया येथे ४१.१ अंशांची नोंद झाली, जी त्या वेळी जपानमधील विक्रमी होती. त्या एका महिन्यात जपानभर उष्म्याने हजाराहून अधिक मृत्यू झाले. ज्यांची घरे पुरात गेली होती ते निवारा केंद्रांत होते, स्वयंसेवक उन्हात गाळ काढत होते, आणि त्या भागात कित्येक घरांत नळाला पाणी नव्हते.

येथे आर्द्रतेचा मुद्दा येतो. माणसाचे शरीर घामाने थंड होते, पण निव्वळ घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवेत आधीच बाष्प भरपूर असले की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि शरीराच्या आतले तापमान चढत जाते. म्हणून शास्त्रज्ञ तापमापकाच्या टोकाला ओले कापड गुंडाळून वेगळे तापमान मोजतात, ज्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. हे तापमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत, स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे गणित पूर्वी मांडले गेले होते. अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर केलेल्या प्रयोगांत ही मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच गाठली जाते असे दिसले. वृद्ध, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि उन्हात श्रम करणारे यांची मर्यादा त्याहून खाली असणार, हे उघड आहे.

खारघरच्या दिवशी जवळच्या केंद्रावर तापमान सुमारे ३८ अंश होते. विदर्भातील माणसाला हा आकडा साधा वाटेल, कारण चंद्रपूर किंवा अकोल्यात ४४-४५ अंशांचे दिवस दर वर्षी येतात. पण किनाऱ्यावरील दमट हवेतले ३८ अंश आणि विदर्भातील कोरड्या हवेतले ३८ अंश शरीराला सारखे नसतात. हवामान खातेही म्हणूनच उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश अशी वेगळी पातळी धरते. पुरानंतर, साचलेले पाणी आणि ओली जमीन सतत बाष्प सोडत असताना, आतल्या जिल्ह्यांतली हवाही किनाऱ्यासारखी दमट होते. त्यात वीज गेलेली असते, पंखा नसतो, अंथरुणे ओली असतात आणि पत्र्याच्या छपराखालची रात्र थंड होत नाही. पूरग्रस्तांच्या छावणीत औषधे आणि धान्य पोहोचले की नाही हे आपण विचारतो, ते योग्यच आहे, पण तिथे दुपारी किती तापते हेही तितक्याच गांभीर्याने विचारले पाहिजे.

धरण रिकामे ठेवावे की भरावे?

या सगळ्यात मला सर्वांत अवघड वाटणारी जागा धरणाची आहे, आणि वर्तमानपत्रांतील चर्चेत ती नेहमी कोणाच्या तरी चुकीपुरती येते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरण घ्या. त्याचा उपयुक्त साठा, म्हणजे दरवाजे आणि कालव्यांतून नेहमी वापरता येणारे पाणी, सुमारे ५३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्याखालचा मृत साठा सुमारे ६३ टीएमसी आहे. उपयुक्त साठा संपून मृत साठ्याला हात लागला की बातम्यांत ‘उणे’ टक्के दिसू लागतात. २०२३ चा पाऊस कमी झाल्याने २०२४ च्या उन्हाळ्याअखेरीस उजनी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेले होते. धरणात बुडालेल्या जुन्या खुणा उघड्या पडल्या होत्या आणि भीमाकाठच्या गावांना पाणीपाळीची चिंता होती. मग जुलै आला. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत घाटमाथ्यावरील ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला, पुण्यात मुठेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, आणि वरच्या धरणांतून सुटलेले पाणी भीमेतून उजनीत येऊ लागले. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उजनी भरत आले आणि त्यातून खाली विसर्ग सोडायची वेळ आली. तळ दिसणाऱ्या धरणापासून दरवाजे उघडण्यापर्यंतचा प्रवास काही आठवड्यांत झाला.

आता ज्या अभियंत्याला धरणाचा निर्णय घ्यायचा आहे त्याची अडचण समजून घ्या. पूर आटोक्यात ठेवायचा तर धरणात जागा रिकामी ठेवावी लागते. टंचाई टाळायची तर आलेला प्रत्येक थेंब अडवावा लागतो. जुलैअखेर किती भरावे, ऑगस्टअखेर किती, याचे वेळापत्रक मागील अनेक दशकांच्या आवकेवरून ठरवलेले असते आणि पाऊस साधारण जुन्या ठरावीक वाटेने चालत होता तोवर ते उपयोगी होते. आधीचे वर्ष कोरडे गेलेले असेल तर धरण लवकर भरून ठेवण्याचा दबाव शेतकऱ्यांकडून, साखर कारखान्यांकडून आणि शहरांकडून येतो. त्यात चूक काही नाही. मात्र भरलेल्या धरणावर उशिराचा मोठा पाऊस कोसळला तर जे पाणी यायचे ते सगळे खाली सोडावेच लागते. दुष्काळाची आठवण ताजी असताना पुराचा धोका वाढतो तो असा. याला उपाय आहेत : पाणलोटातील पावसाचा तीन ते पाच दिवसांचा अंदाज घेऊन आधीच थोडे थोडे पाणी सोडणे, भीमा किंवा कृष्णेसारख्या खोऱ्यातील सर्व धरणांचे नियोजन एकत्र करणे, आणि जुने वेळापत्रक अलीकडच्या वर्षांच्या आकड्यांवरून नव्याने आखणे. हे उपाय स्वस्त आहेत. त्यांसाठी नवे धरण बांधावे लागत नाही, पण अंदाज चुकून धरण थोडे रिकामे राहिले तर त्या अधिकाऱ्याला पाठीशी घालणारी व्यवस्था मात्र लागते, आणि ती आज नाही असे माझे मत आहे.

‘पूर्वीही असे व्हायचेच की’

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेला पाहिला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला ज्या मिरजेहून रेल्वेने पाणी नेले, त्या मिरजेचा आणि सांगलीचा परिसर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात बुडाला. टोके या हवामानात नेहमीच होती. बदलली आहे ती त्यांची वारंवारता.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने २०२१ च्या अहवालात दिलेले आकडे येथे उपयोगी आहेत. मानवी हस्तक्षेपापूर्वीच्या हवामानात दहा वर्षांत सरासरी एकदा यायची तेवढी तीव्र उष्णता, पृथ्वी एक अंशाने तापल्यावर दहा वर्षांत सुमारे २.८ वेळा येते, दीड अंशाला ४.१ वेळा आणि दोन अंशांना ५.६ वेळा. दहा वर्षांत एकदा पडणारा मुसळधार पाऊस एक अंशाला १.३ वेळा, दीड अंशाला १.५ वेळा आणि दोन अंशांना १.७ वेळा पडतो. हे जगातील भूभागाचे सरासरी आकडे आहेत, प्रत्येक जिल्ह्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही त्यांतून एक साधा हिशेब निघतो. दोन्ही घटना अधिक वेळा येऊ लागल्या की त्या लागोपाठ येण्याची शक्यता त्याहून वेगाने वाढते, मग त्यांच्यात थेट कार्यकारणसंबंध असो वा नसो. दोघांपैकी एक दुर्मीळ राहिली असती तर मधली उसंत टिकली असती.

‘एका पुराचा दोष हवामानबदलाला कसा देता येईल?’

एखाद्या विशिष्ट घटनेत तापमानवाढीचा वाटा किती, हे मोजण्याची एक पद्धत गेल्या वीस वर्षांत विकसित झाली आहे. संगणकावर आजचे हवामान आणि मानवी प्रदूषणाशिवायचे काल्पनिक हवामान अशी दोन चित्रे उभी करून तीच घटना दोन्हींत किती वेळा येते ते तपासतात. २०२२ च्या भारत-पाकिस्तानातील उष्णतेच्या लाटेची शक्यता तापमानवाढीने सुमारे ३० पट वाढवली, असा निष्कर्ष या पद्धतीने निघाला. एप्रिल २०२३ मध्ये भारत आणि बांगलादेशात पडलेल्या दमट उष्म्याबाबतही किमान ३० पट असेच उत्तर आले. सिंधच्या पावसाबद्दल मात्र संशोधकांनी बरेच सावध उत्तर दिले. तापमानवाढीने पावसाचा जोर वाढवला असणे संभवते, काही प्रारूपांनुसार ५० टक्क्यांपर्यंत, पण तिथला पाऊस वर्षागणिक इतका बदलता असतो की नेमका वाटा सांगता येत नाही.

या सावधपणामुळेच मला ही पद्धत विश्वासार्ह वाटते. उष्णतेच्या बाबतीत उत्तर ठाम मिळते, कारण तापमान मोठ्या प्रदेशावर एकसारखे चढते. पावसाचे उत्तर ढोबळ राहते, कारण २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडले तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडले होते. इतक्या थोड्या अंतरावर बदलणारी गोष्ट संगणकात पकडणे कठीणच असते.

‘खरे कारण अतिक्रमण आहे’

नदीपात्रातील बांधकामे, बुजवलेले ओढे, डोंगर फोडून केलेले रस्ते आणि निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्याच्या, आतील वस्त्या यांमुळे पूर वाढतो, याबद्दल दुमत नाही. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही अतिवृष्टीबरोबर अतिक्रमणांकडे बोट दाखवले होते. पण ‘हवामानबदल की अतिक्रमण’ अशी निवड करायला लावणारा युक्तिवाद मला मान्य नाही. पाणी किती येते हे आकाश ठरवते, आणि आलेल्या पाण्याला वाट किती मिळते हे आपण ठरवतो. येणारे पाणी वाढत असताना वाट अरुंद करणे हा गुन्हा पूर्वीपेक्षा मोठा होतो, लहान नव्हे. इर्शाळवाडीचे उदाहरण याहून वेगळे आणि अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण ती वस्ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी जुन्या पावसाच्या अनुभवावर केलेली होती.

पंचनाम्याची चौकट

आपली शासकीय व्यवस्था आपत्ती एकेक करून मोजते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, तलाठी पंचनामा करतो, मदतीचा हिशेब सुरू होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये, सीना आणि इतर नद्यांच्या पुरानंतर, राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाख रुपयांपर्यंतच्या कामांची तरतूद सांगितली गेली. माती वाहून जाणे हे वेगळे नुकसान म्हणून मोजले गेले, हे चांगले झाले. परंतु माती खरडलेल्या शेताला पुढच्या उन्हाळ्यात ऊन अधिक लागते, कारण ओल धरून ठेवणारा थरच गेलेला असतो. तिथे पुढच्या मे महिन्यात जे होईल त्याचा कुठल्याही पंचनाम्यात रकाना नाही.

उष्णतेच्या बाबतीत तर चौकटच अपुरी राहिली आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ या वर्षांत, ज्या आपत्तींसाठी केंद्राच्या निकषांनुसार मदत मिळत होती त्या राष्ट्रीय यादीत पूर, दुष्काळ, गारपीट, थंडीची लाट यांची नावे होती, उष्णतेच्या लाटेचे नव्हते. राज्यांना आपल्या निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा होती, तेवढीच. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाल्यावर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग घेतला. हे आराखडे मार्च ते जून या महिन्यांसाठी असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पूर ओसरल्यानंतर पडणारा दमट उष्मा त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याने आपला आराखडा करायचा असतो आणि त्याचा दर वर्षी आढावा घ्यायचा असतो. आपल्या जिल्ह्याचा आराखडा कोणीही मागून वाचू शकतो. त्यात पुराचे प्रकरण आणि उन्हाचे प्रकरण वेगवेगळे असेल, ते असावेच. पाहायचे ते हे, की पुराच्या निवारा केंद्रांसाठी निवडलेल्या शाळांना पत्र्याचे छप्पर आहे की स्लॅबचे, तिथे वीज गेल्यावर पर्यायी सोय कोणती, दुष्काळी वर्षानंतर धरणे भरण्याच्या वेळापत्रकात कोणता बदल करायचा हे लिहिले आहे का, आणि ज्या गावाने एप्रिलमध्ये टँकरचे पाणी प्यायले त्या गावात जुलैमध्ये पूर आला तर त्याला मदतीच्या रांगेत वरचे स्थान मिळते की त्याचा अर्ज पुन्हा नव्याने, पहिल्या पानापासून सुरू होतो.